मूर्ती नसलेल्या देवळाची अर्धी प्रदक्षिणा

मूर्ती हलवली की देवही जातो का, हा एकच प्रश्न घेऊन मी यंदाच्या उन्हाळ्यात आईसह उजनीच्या पाण्यात गेलो. धरण झाले तेव्हा आईचे माहेर बुडाले. महादेवाची पिंड नव्या गावठाणात नेली. दगडी देऊळ जागीच राहिले. पाणी ओसरले की ते उघडे पडते, आणि हल्ली त्या काठाला पर्यटनस्थळ म्हणतात. आईचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते आणि डॉक्टर घाई करत होते. पण या देवळाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय ती डोळ्यांना हात लावू देणार नव्हती.

डाळज गावाच्या बाजूने होडी केली. उतरताना मी चपला काढल्या, तेव्हा नावाडी हसला.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. देव गेला नव्या गावात. हितं नुसतं दगड हायती."

आई म्हणाली, "मंग जाळं टाकताना तू हात कुणाला जोडतोस रं?" तो वल्हे खांद्यावर टाकून आमच्यामागे उतरला.

देवळात जे पाहिले त्याने माझा संताप झाला. खांबांवर खडूने नावे लिहिलेली, नंदीच्या पाठीवर बसून छायाचित्रे काढणे चाललेले, आणि एक तरुण गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या बुटांनी थेट गाभाऱ्यात उभा. मी त्याला कठोर शब्दांत बाहेर काढले. तो देवळाच्या मागे निघून गेला. उरलेल्यांना मी शिवालयाचे नियम सांगत राहिलो, तोवर आई भिंत चाचपत एकटीच प्रदक्षिणेला निघाली होती.

महादेवाची प्रदक्षिणा अर्धी असते. अभिषेकाचे पाणी उत्तरेकडील ज्या दगडी पन्हळीतून बाहेर पडते, ती ओलांडायची नसते. तिथूनच माघारी फिरायचे. आईला हे ठाऊक होते. तिला दिसत नव्हते ते एवढेच, की गाळ चढून पन्हळ जवळजवळ बुजली होती.

मी मागे धावलो, तेव्हा आई वाकून त्याच तरुणाच्या बुटावर हात ठेवून होती. माझे रक्त उसळले. मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "ओरडू नगंस. ह्याच्या पायाखाली पन्हळ हाय."

तरुण ओशाळून बूट काढू लागला. तिथे घट्ट असा तो एकच दगड होता, म्हणून तो त्यावर उभा होता. गाभाऱ्यात येण्याआधी तो पुढच्या गाळात रुतला होता, म्हणून आईला येताना पाहून त्याने एवढेच म्हटले होते, "आजी, हितनं माघारी फिरा." नावाड्याने वरून कोरड्या दिसणाऱ्या त्या गाळात वल्हे खुपसले. ते मुठीपर्यंत आत गेले.

त्या तरुणाला पन्हळीचा नियम माहीत नव्हता. तो गाळाविषयी बोलला. आईने मात्र देवाची आज्ञा ऐकली आणि माघारी फिरून प्रदक्षिणा पुरी केली. मी त्याला हाकलले नसते, तर तो तिथे नसता. माझ्या रागाचाही कुणीतरी उपयोग करून घेतला, असे मला वाटते. ते माझ्या हातून झाले नाही, हे मात्र निश्चित. आईने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे चल म्हटले.

माझा राग गेलेला नाही. पर्यटनस्थळाचा फलक लावणाऱ्यांना गाळाच्या कडेला एक काठी रोवता आली नाही, आणि नंदीवर आजही कुणीतरी बसले असेल. परंतु ज्याने आईला थांबवले, त्याला मी हात जोडतो; त्याचे नाव ठरवणे मी सोडून दिले आहे.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. पाणी ओसरल्यावर तिथे जा, पादत्राणे होडीत ठेवा, पन्हळीपर्यंत चाला, आणि ते देऊळ रिकामे आहे का हे स्वतः पाहा.