डावी मांडी

“मी पडले म्हणून मोडलं नाही हो, मोडलं म्हणून पडले,” पडदे शिवणारी बाई इस्पितळातल्या खाटेवरून एकदा म्हणाली होती. ऐकलं कोणी? भेटायला येणारा जो तो विचारायचा, “पाय घसरला का?” कसला घसरतोय! मशीनवरून उठली, कात्री घ्यायला वळली आणि उजव्या मांडीचं हाड काडीसारखं मोडलं. मग जमीन.

त्याआधी कित्येक महिने ती मांडी ठणकत होती. सगळ्यांनी खापर फोडलं ते शिलाई मशीनवर. दिवसभर पाय मारल्यावर दुखणारच! कमरेचा फोटो झाला, गुडघ्याचा झाला. दुखणारी मांडी तेवढी राहिली. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी मात्र तिने वर्षानुवर्षं चुकवली नाही. उपाशीपोटी घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. थांबव असं कोणी म्हणालं नाही, तीही थांबली नाही. मांडीत सळई घालणाऱ्या सर्जनने पहिल्यांदा सांगितलं, “या गोळीने पुष्कळांची हाडं वाचतात. पण फार वर्षं घेतली तर क्वचित एखाद्याची मांडी अशी मोडते. मोडण्याआधी बऱ्याचदा दुखते. दुसऱ्या मांडीकडेही लक्ष ठेवा.” गोळी बंद झाली. पुढे सर्जनही बदली होऊन गेले.

आणि आता डावी दुखू लागली. तशीच, तिथेच.

नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडून ती कुबडी टेकत त्याच्याबरोबर नेहमीच्या डॉक्टरकडे आली. त्यांच्या चिठ्ठीशिवाय फोटो निघत नव्हता.

“उजव्याचा भार डाव्यावर येतोय, काकू. कमरेचा फोटो काढू.”

“मांडीचा काढा ना. सर्जन म्हणाले होते…”

“कळ मांडीत येते, मूळ कमरेत असतं.”

“उजवीच्या वेळीही हेच म्हणाला होतात.”

“अगं, त्यांना शिकवतेस का?” नवरा मध्येच म्हणाला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे दोन्ही पाय एकाच बाईचे, ठेचही तिलाच, आणि शहाणे मात्र दुसरेच दोघं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘कंबर’ लिहिलं. नवऱ्याने शर्टाची बाही वर सारली. “आलोच आहे तर माझंही बीपी बघा. हिच्या कटकटीने चढलं असणार.”

डॉक्टर हसले आणि त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळू लागले.

तिने चिठ्ठी टेबलावर तशीच राहू दिली. कुबडी उचलली आणि डावा पाय जपून टाकत ती बाहेर पडली.