मिक्सरची पिन

काल नवा इन्व्हर्टर बसवून वायरमन म्हणाला, “भार जास्त झाला तर हा बंद पडेल. तीनदा आपोआप सुरू होईल, चौथ्यांदा नाय. मग भार काढायचा नि बटण दाबायचं.”

मी म्हटलं, “माहीत आहे.” तेवढ्यात त्याने बीप वाजवून दाखवला आणि आई ओल्या हातांनीच बाहेर धावत आली.

काही वर्षांपूर्वी, वादळानंतर दिवेआगरला कित्येक दिवस लाईट नव्हती. बोर्लीहून चार्ज करून आणलेल्या बॅटरीवर, जुन्या इन्व्हर्टरमधून, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन चाले. एका दुपारी वाडीतले पडलेले माड कापणाऱ्यांना जेवू घालायचं म्हणून आईनं खोबऱ्याची चटणी मिक्सरला लावली. इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. मिक्सर तसाच सोडून आई बाबांकडे धावली. इन्व्हर्टर पुन्हा उठला, पुन्हा पडला. चौथ्यांदा पडला तो पडलाच. मी वेड्यासारखी बटण दाबत राहिले. बाबा स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होते. आईला वाटलं, पाणी मागतायत. तिनं तांब्या पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. तेव्हा कुठे मी आत जाऊन मिक्सरची पिन उपटली.

परत येऊन बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं. ओठांचा निळेपणा ओसरल्यावर बाबांनी आईला विचारलं, “चटणी झाली काय गो?”

पुढे ते चांगली तीन वर्षं जगले.

नव्या इन्व्हर्टरवर मिक्सरही चालतो, असं वायरमन आईला दोनदा सांगून गेला. आज सकाळी ती पाट्यावर खोबरं वाटत होती.