दोन नंबरचं मशीन

ह्या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. मी परभणीत शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देवच घराबाहेर ठेवले, तिथे भुताखेतांना कोण विचारतंय! लहानपणी शेजारच्या एका बाईच्या अंगात आलं, तेव्हा माझ्या वडिलांनी – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – सगळ्यांना बाजूला सारून विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का हिनं?" भाकरी पोटात गेल्यावर बाई ठणठणीत झाली. अशा माणसाची मी मुलगी. त्यामुळे हे लिहायला बसले आहे याची मलाच जरा लाज वाटते. पण लिहायचं आहे ते त्याच माणसाबद्दल.

अण्णा येलदरी धरणाच्या वीजघरात ऑपरेटर होते. आयुष्य मशीनच्या घरघरीत गेलं, त्यात डावा कान गेला. कुणी बोलायला लागलं की मान वळवून उजवा कान पुढे करायचे. त्यांची एक सवय होती. मीटरचे काटे बघायच्या आधी ते मशीनला तळहात लावून उभे राहायचे. "हाताला आधी कळतं, काटा मागून सांगतो," म्हणायचे. मला ताप आला की थर्मामीटर कसला न् काय, पाठीवर तळहात!

आणि वीजघरात मशीनला नंबर असतात तसे त्यांनी आम्हालाही नंबर दिले होते. ते स्वतः एक नंबर, आई दोन नंबर, मी एकुलती एक म्हणून तीन नंबर. "दोन नंबर आज लय गरम हाय, जवळ जाऊ नको" – म्हणजे आई चिडली आहे. आई वैतागायची, "मी काय लोखंडाची हाय का?" म्हणायची. पण ही आमच्या तिघांपुरतीच बोली होती. चारचौघांत तिचा उच्चार केला तर आईला ते अजिबात खपत नसे. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

रिटायर झाल्यावर दोघं वालूरला, आमच्या गावी, राहायला गेली. दोघांनाही बीपी. येलदरीला असतानाच एका डॉक्टरांनी दोघांना एकच गोळी लावून दिली होती – ॲटेनोलॉल – आणि ती त्यांनी कधी चुकवली नाही. सकाळी चहाच्या आधी आई एक गोळी अण्णांच्या तळहातावर ठेवायची, एक स्वतः घ्यायची. मग चहा.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा माझ्याकडे परभणीला आले होते. छातीत भरून येतंय म्हणून, मी शाळेत असताना, एकटेच ऑटो करून एका दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? अण्णांनी सांगितलं, न्हाई. त्यांचं हे 'न्हाई' मला आईकडून फार नंतर कळलं; मला तेव्हा नवी गोळी मिळाली एवढंच सांगितलं होतं. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे बीपीची गोळी औषधात धरतच नाहीत हो! औषध म्हणजे आजारी पडल्यावर चार दिवस घ्यायचं ते. बीपीची गोळी रोजची, चहासारखी... चहा चालू आहे का असं कुणी डॉक्टर विचारत नाही. त्यांनी बीपीसाठी आणि छातीसाठी दुसरी गोळी लिहून दिली. व्हेरापामिल. अण्णा आले तसे वालूरला परत गेले, आणि सकाळी त्यांच्या तळहातावर एकाऐवजी दोन गोळ्या पडू लागल्या.

मग ते थकायला लागले. उठताना घेरी यायची, पारापर्यंत जाऊन परत फिरायचे. ऊन आहे, वय आहे, असं आम्ही सगळेच म्हणालो. पोळ्याच्या आधी एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या अण्णा गेले. चहा अर्धा तसाच होता. हार्ट, असं जो तो म्हणाला, आणि त्यात विचारण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही.

जलदान विधी झाल्यावर आईने त्यांचे कपडे, सायकल, घड्याळ, सगळं लोकांना देऊन टाकलं. राहिल्या गोळ्या. त्या कोण नेणार? नव्या गोळीची पाकिटं तर बरीच उरली होती. मेलेल्या माणसाचा सदरा आपल्याकडे दुसऱ्याच्या अंगावर जातो, पण गोळ्या? आईने त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आणि दिवाळीनंतर केव्हातरी स्वतःच खायला लागली. आपली एक आणि त्यांची एक. मला ती एका शब्दानं बोलली नाही. फोनवर एवढंच म्हणायची, "हातपाय लय गार पडायलेत गं." मी म्हणायचे, थंडी आहे, स्वेटर घाल.

त्याच थंडीत एके दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडला होता. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, वालूरहून बोलायले. शेवंता. मावशीच्या शेजारी ऱ्हायलोत आमी."

ही शेवंता मला ऐकून माहीत होती. मेंढरंवाल्यांचं कुटुंब, दिवाळीनंतर शेजारच्या रिकाम्या जागेत राहायला आलेलं. म्हणजे तिने अण्णांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी विचारलं, काय झालं?

"हितं एक बाबा आलेत. तुमाला सांगा मनायलेत... दोन नंबरचं मशीन लय हळू फिरायलंय. बंद पडायच्या आत या."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मला राग आला, खरंच सांगते. कुणीतरी घाणेरडी थट्टा करतंय असंच वाटलं.

"कोण बाबा? फोन द्या त्यांच्याकडे."

"देयलेच की, घेईनात. मान वळवून निस्ता उजवा कान पुढं करायलेत. मावशीच्या दाराला असा पंजा लावून हुबे हायेत बगा. ताई, तुमचा नंबर बी त्यांनीच सांगितला, मी दाबत गेले."

पुढचं मी विचार करून बोलले नाही. "शेवंताबाई, दार ढकला. आत जाऊन आईला बघा. आधी आत जा!"

चपलांचा आवाज, दाराचा आवाज, आणि मग तिची किंकाळी. "मावशी! अगं माय... ताई, मावशी चुलीम्होरं पडल्यात. अंग निस्तं बर्फावानी!"

गावातल्या लोकांनी जीप काढली आणि आईला थेट परभणीला आणलं. दवाखान्याच्या दारात मी उभी होते. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. स्ट्रेचर आत जाताना मी तिचं मनगट धरलं तर नाडी लागेना... एक ठोका लागला आणि दुसऱ्याची वाट बघत राहिले. दोन नंबरचं मशीन खरंच हळू फिरत होतं. वर्गात पोरांना नाडी मोजायला शिकवणारी मी, तिथे ठोके मोजायचंच विसरले.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण आवाजात जरब होती. "कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"बीपीची एक. बाकी काही नाही," मी म्हणाले. मला खरंच तेवढंच माहीत होतं.

तेवढ्यात जीपवाल्याने माझ्यापुढे बिस्किटांचा डबा धरला. "शेवंताबाईनं दिलाय. संग न्या मनली." डॉक्टरबाईंनी तो उघडला, दोन्ही पाकिटं उजेडात धरली आणि नर्सला काहीतरी पटापट सांगत आत गेल्या. आईच्या मानेतून हृदयापर्यंत तात्पुरती तार घालून, बाहेरच्या पेटीवर तिचे ठोके चालवले. दोन्ही गोळ्यांचा असर उतरेपर्यंत तिचं हृदय त्या पेटीच्या भरवशावर होतं. माझ्याकडे तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं. ना नवस, ना अंगारा. आमच्या घराला ती सोय नाही.

आई वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बोलावून नीट समजावलं. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी चांगल्या. पण दोन्ही हृदयाचे ठोके हळू करतात. एकाच माणसाच्या पोटात रोज दोन्ही जायला लागल्या तर ठोके इतके मंदावू शकतात की हृदय थांबायला येतं, म्हणून ही जोडी सहसा देतच नाहीत. "आणि घाबरून कुणी चालू गोळी आपल्या मनाने बंदही करू नका, त्यानेही बिघडतं. जे काही खाता ते सगळं डॉक्टरपुढे ठेवा, बस." मग त्यांनी विचारलं, "ही दुसरी गोळी मूळ कुणाची?"

"वडिलांची. वारले ते."

"ते फक्त हीच घ्यायचे?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आईचा हात आला, अण्णांच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवणारा. त्या काय समजायचं ते समजल्या. "आता खात्रीने काही सांगता येणार नाही," म्हणाल्या, आणि समोरचे कागद उगाच सरळ करत बसल्या.

आई बोलायला लागल्यावर मी विचारलं, अण्णांच्या गोळ्या कशाला खाल्ल्यास?

"टाकून कशा देयच्या? डोकं दुखायलं हुतं, मनलं त्यांची चांगली जोराची गोळी हाय." मग तोंड फिरवून म्हणाली, "आन् त्यांच्या वाटणीची तोंडात टाकली की ते शेजारी चहा पेत बसल्यावानी वाटायचं गं."

मी रडले. तिच्यासमोरच रडले. फोनचा निरोपही तिला सांगितला, दोन नंबर मशीनचा. ती दचकली नाही, घाबरली नाही. नव्या नवरीसारखी लाजली म्हटलं तरी चालेल. आणि विचारलं, "आनखी काय मनले?"

"एवढंच," मी म्हणाले. तोपर्यंत ते खरंच होतं.

तिला घरी आणल्यावर एका रविवारी मी वालूरला जाऊन शेवंताला भेटले. साधी, कामाच्या रगाड्यातली बाई. तिला ह्यात काही अघटित झालं याचा पत्ताच नव्हता. तिच्या लेखी कुणीतरी पाहुणा आला होता. ती आईला घेऊन बाहेर आली तेव्हा तो दारात नव्हता, गेला असेल. मी विचारलं, गोळ्यांचा डबा तुम्हाला कसा सुचला?

"त्यांनीच मनलं हुतं की, डबा संग द्या. आन् आजून एक मनले हुते, गडबडीत फोनवर सांगायचंच ऱ्हायलं." ती जरा आठवून बोलू लागली. "मनले, एक नंबर कशानं बंद पडलं ते तीन नंबरला आता कळंल. पर दोन नंबरला सांगू नका. मला वाटलं हिरीवरल्या मोटारीचं काही आसंल..."

अण्णांचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. दाखवून खात्री करून घ्यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. मी काढला नाही. हिंमत झाली नाही.

मी विज्ञानाची बाई आहे, त्यामुळे शक्य ते सगळं तपासलं. आईने शेवंताला आमचे घरातले एक-दोन-तीन नंबर सांगितले असतील? आई शपथेवर नाही म्हणते, आणि तिला त्याची किती लाज वाटायची ते मला माहीत आहे. माझा मोबाईल नंबर? तो आईच्या फोनमध्ये होता, आणि फोन तिच्या कमरेला, बंद दाराच्या आत. आणि तो शेवटचा निरोप... तो निरोप दिला गेला तेव्हा अण्णा कशाने गेले हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आईला नाही, मला नाही. अण्णांनी मला प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायला शिकवलं, आणि त्यांनीच ही एक गोष्ट अशी ठेवून दिली.

नाव-गाव बदलून छापलं तरी चालेल, पण हा अंक माझ्या घरी पाठवू नका. आई आता माझ्याकडेच असते. तिला सांगितलंय की अशक्तपणामुळे पडलीस, गोळ्यांचा काही संबंध नाही, आणि डबा दवाखान्यातच राहिला. नवीन डॉक्टरांनी नवीन गोळी लावून दिली आहे, ती सकाळी चहाच्या आधी मी तिच्या तळहातावर ठेवते. ती तळहात लगेच मिटत नाही. थोडा वेळ बघत राहते.

"एकच?"

"एकच, आई."

मग गोळी गिळते, चहाचा कप पुढे ओढते आणि न चुकता विचारते, "आनखी काय मनले हुते गं ते?"

"काही नाही," मी म्हणते. "एवढंच."