माफी कुणी करायची

"ते ठीक हाय, पण मेलेल्याचं काय?" चष्मा कपाळावर सरकवून सर विचारायचे.

दिग्रसच्या कॉलेजात आम्ही दोघं राज्यशास्त्र शिकवायचो. न्यायाचा धडा आला की सर वर्गाला म्हणायचे, "समजा, आपण कोणत्या घरी जन्मणार हे कोणालेच ठाऊक नाही. आता ठरवा नियम." पोरं झकास नियम करायची. मग सरांचा तो प्रश्न यायचा.

सर ख्रिस्ती, रविवारची प्रार्थना न चुकवणारे. मी म्हणायचो, "न्याय जित्या माणसांनी ठरवायचा असतो सर. देवाला त्यात कायले आणता?"

"देव राहू द्या बाजूले," ते हसायचे. "मेलेला मत द्याले येत नाही, म्हणून म्हणतो."

मग त्यांची मुलगी गेली. पुसद रोडवर तिच्या स्कूटीला ट्रकनं उडवलं. ट्रक थांबला नाही, पुढे सापडलाही नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी एक अनोळखी माणूस सरांच्या ओट्यावर येऊन बसला. "ट्रक माह्याच हाती होता," म्हणाला, आपलं नाव-गाव सांगितलं आणि रडू लागला. सरांनी त्याला पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला. "मी तुले माफ केलं. जा."

तो गेल्यावर सरांच्या पत्नी, आमच्या बाई, आतून आल्या. "माफ कराले ती एकट्या तुमची होती काय? तिले इचारलं?"

हे मला सरांनीच सांगितलं.

त्यानंतर ते शिकवता शिकवता मध्येच थांबायचे. शेवटी पोलीस ठाण्यात जाऊन त्यांनी त्या माणसाबद्दल सांगितलं. कोर्टात साक्षही दिली. शिक्षा झाली. पोलीस नेत असताना तो सरांना एवढंच म्हणाला, "तुमी तं माफ केलतं ना."

मग सर दर महिन्याला एसटीनं यवतमाळच्या जेलवर जाऊ लागले. तो भेटायला यायचा नाही. सर बाहेरच्या बाकावर बसून परतायचे.

"काहून जाता सर?" मी एकदा विचारलं.

"माफी बी खरी होती, साक्ष बी खरी होती," ते म्हणाले. "पोरगी आता दिसत नाही मले. तोच दिसते."

गेल्या उन्हाळ्यात सर वारले. त्याच्या पुढच्या महिन्यात बाईंनी मला सोबत चला म्हटलं. जेलमध्ये त्यांनी आपलं नाव आत पाठवलं.

त्या दिवशी तो आला. जाळीपलीकडे उभा राहून बाईंच्या मागच्या दाराकडे पाहत राहिला.

"सर नाही आले?" त्यानं विचारलं.

बाईंनी दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली.