ड्रेसरची मुलगी

मी निघाले त्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. रजा मिळत होती, पण त्यांनी घेतली नाही. दुपारी खाणीतून सुटले ते थेट क्वार्टरसमोर उभ्या असलेल्या भाड्याच्या बोलेरोपाशी आले. आंघोळ झालेली होती, तरी डोळ्यांच्या कडांना कोळसा राहिलाच होता. तो कधीच पुरता निघत नसे, त्यामुळे बल्लारपूरजवळच्या आमच्या कॉलनीतले सगळे बाप काजळ घातल्यासारखे दिसायचे. आई मागच्या सीटवर चटण्यांचे डबे कोंबत होती. शेजारच्या काकू नागपूरच्या विमानतळावर किती आधी पोचायला हवं यावर ड्रायव्हरशी वाद घालत होत्या. बाबांनी मला गाडीच्या पलीकडे नेलं आणि म्हणाले, "काईबी कर पोरी, पण खाणीत खाली उतरू नोको. आपल्या घरातून एक माणूस खाली जाते, तेवढं पुरे."

मी हो म्हटलं, आणि ते खरं मनापासून म्हटलं. आमच्याकडे तेव्हा बाईमाणसाला जमिनीखाली कामाला पाठवायची कायद्याने परवानगीच नव्हती. मी नागपूरला भूशास्त्र शिकले होते, पुढचं शिकायला कॅनडात निघाले होते. खाली उतरायचा प्रश्न कुठे येणार, असं वाटलं.

बाबा ड्रेसर होते. कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला की सगळ्यांच्या आधी आत जायचं, लांब लोखंडी सब्बलने छत ठोकून पाहायचं आणि सुटलेला दगड पाडून टाकायचा, म्हणजे मागून येणाऱ्यांच्या डोक्यात तो पडणार नाही. हे काम कानाचं. मला त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या माठांवर शिकवलं होतं. धड माठ टण वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो, दगडाचंही तसंच. आई ओरडायची की माठ फोडाल, आणि एक आम्ही फोडलाही.

कॅनडातल्या तुम्हा मराठी मंडळींपैकी जे हॅमिल्टन, केंब्रिज, व्हिटबीला आहात त्यांना माझं पहिलं वर्ष वेगळं सांगायला नको. हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीजवळ बेसमेंट, वर घरमालक, खिडकीच्या काचेला टेकलेला बर्फ. रविवारी जयंतीच्या कार्यक्रमाची नाहीतर गणपतीची मीटिंग, तिथे पुण्याचे आणि नागपूरचे सॉफ्टवेअरवाले दादा-ताई. तू कशात आहेस विचारायचे आणि मी भूशास्त्र म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दया दिसायची. एका ताईंनी तर मला हळूच सांगितलं होतं की अजून वेळ गेलेली नाही, कोडिंगचा एखादा कोर्स कर. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर मनावर घेऊ नका. दगडांनी माझं बरं चाललं आहे.

नोकरी मिळाली ती हॅमिल्टनपासून गाडीने आठ तास उत्तरेला, एका सोन्याच्या खाणीत. मुलाखतीत विचारलं, अंडरग्राउंड जायची तयारी आहे का? मी क्षणभरही थांबले नाही. हो म्हटलं आणि त्या दिवशी बाबांना फोन करून सांगितलं की खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम आहे, वरती, हीटर असतो. अर्धं खरं होतं. नकाशे मी काढतेच. फक्त ते काढायला आधी केजमध्ये, म्हणजे आमच्या लोखंडी पाळण्यात, उभं राहून शाफ्टमधून खाली जावं लागतं.

पहिल्यांदा उतरले तेव्हा भीती वाटेल असं मी गृहीत धरलं होतं. वाटली नाही. केजचं दार उघडलं, ओल्या दगडाचा वास आला आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. बाबांच्या कपड्यांना यायचा त्याच्याच नात्यातला तो वास होता.

भाषा मात्र नव्याने शिकावी लागली. इंग्रजी नव्हे, खाणीची. इथे छताला बॅक म्हणतात. आपण ज्याला गॅलरी म्हणतो तो ड्रिफ्ट. सुरुंगानंतर पडलेला दगडांचा ढीग म्हणजे मक. सोन्याचा दगड काढून घेतल्यावर मागे उरते ती मोठी पोकळी स्टोप. पाळीचा मुकादम तो शिफ्टर. कपडे बदलायच्या हॉलला ड्राय म्हणतात, तिथे ओले कपडे साखळीला बांधून वर टांगून वाळवतात. राहिलं सोनं. ते डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, त्यामुळे आईला पाटल्या कधी करणार असं फोनवर विचारणाऱ्या कॉलनीतल्या समस्त काकूंनी आता विषय बंद करावा.

या सगळ्या शब्दांत दोन असे होते की ऐकल्याबरोबर फोन उचलावासा वाटला. छत ठोकून सुटलेला दगड पाडणं, म्हणजे बाबांचं ड्रेसिंग, त्याला इथे स्केलिंग म्हणतात. आणि जो दगड बद्द वाजतो तो ड्रमी. सहाव्या महिन्यात एका ड्रिफ्टमध्ये नमुने घ्यायला गेले होते. बोल्ट मारून, जाळी लावून सगळं पक्कं केलेलं होतं. मी सवयीने बार, म्हणजे इथली सब्बल, घेऊन बॅक ठोकला आणि डाव्या कोपऱ्यात आवाज बदलला. शिफ्टरला म्हटलं, इथे ड्रमी आहे, कोणी पुढे जाऊ नका. हा शिफ्टर रेजां, त्याच गावात वाढलेला, घरी फ्रेंच बोलणारा, माझ्या बाबांच्या वयाचा. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोन माणसं बोलावली. जाळी कापून त्यांनी बार घातला तेव्हा फ्रिजएवढा दगड खाली आला. दुसऱ्या दिवसापासून नव्या जागी शिरायच्या आधी रेजां मला ठोकायला सांगू लागला.

मी या कामात चांगली आहे. इथे उगाच लाजायचं कारण नाही. पण ज्या एका माणसाला त्या दगडाचा आवाज सांगितला असता तर कळला असता, त्यालाच सांगता येत नव्हतं. चार वर्षं मी त्यांना हीटर कसा चालतो आणि ग्रोसरी कुठे स्वस्त मिळते हे सांगत राहिले. ते हूं हूं करत ऐकायचे आणि फोन आईकडे द्यायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मग बाबा रिटायर झाले आणि व्हिजिटर व्हिसावर दोघं माझ्याकडे आली. जूनचा महिना होता. बाल्कनीतून खाणीचा मनोरा दिसतो, ज्यावर केजच्या दोराचं चाक असतं. बाबा रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभे राहायचे. चाक फिरायला लागलं की फेऱ्या मोजत असावेत.

आता बिल्ल्याचं सांगते. खाली जाणाऱ्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो, त्यावर नाव आणि नंबर. ड्रायच्या दाराशी एक फळा आहे, अर्धा 'आत', अर्धा 'बाहेर'. उतरताना बिल्ला आतच्या खिळ्यावर, वर आलात की बाहेरच्या खिळ्यावर. पाळीच्या शेवटी सुरुंग उडवायच्या आधी शिफ्टर फळा पाहतो. एकही माणूस आत असेल तर सुरुंग उडत नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा नियम नाही, आणि हा नियम मी मोडला.

त्या दिवशी आईच्या चष्म्यासाठी साडेपाचची अपॉइंटमेंट होती. मी लवकर वर आले, फळ्यावरून बिल्ला काढला, तेवढ्यात कोणीतरी एका नकाशाबद्दल विचारलं, आणि बोलता बोलता बिल्ला बाहेरच्या खिळ्याऐवजी जॅकेटच्या खिशात गेला. फोन सायलेंटवर, पर्समध्ये. घरी येऊन जॅकेट खुर्चीवर टाकलं आणि आईची केसांची पिन शोधायला आत गेले. बाहेर आले तर खाली पडलेलं जॅकेट उचलून बाबा उभे होते आणि त्यांच्या हातात बिल्ला होता.

हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी असाच बिल्ला टांगला होता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुह्या खाणीत सुरुंग किती वाजता उडते?"

"साडेपाचला."

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. "फोन लाव," ते म्हणाले. "तिथं लोकं तुले पाहात असतीन."

फोनवर नऊ मिस्ड कॉल होते. रेजांने एकच विचारलं, "आर यू ऑन सरफेस?" मी येस म्हटलं. मग रेडिओवर तो कुणाला तरी सांगताना ऐकू आलं की ती वर आहे, परत या. माझा खिळा दोन्हीकडे रिकामा पाहून त्याने सुरुंग थांबवला होता आणि दोन माणसं मला शोधायला खाली पाठवली होती. त्यानंतर तो फ्रेंचमध्ये जे बोलला त्याचं भाषांतर करत नाही. मी स्वतः येऊन बिल्ला टांगेपर्यंत सुरुंग उडणार नव्हता.

आई दार धरून उभी होती. तिला अजून नीट काही कळलं नव्हतं, पण चष्म्याचं आज होत नाही एवढं कळलं. बाबांनी चपला घातल्या आणि म्हणाले, मीबी येतो.

आम्ही गाडीने खाणीवर पोचलो. ड्रायच्या दाराशी रेजां आणि ती दोघं उभी होती, चिखलाने माखलेली, केजमधून नुकतीच वर आलेली. मी तिघांची माफी मागितली. मग बाहेरच्या खिळ्यावर बिल्ला टांगला. बाबा फळ्यासमोर गेले आणि एकेका नावावरून बोट फिरवत माझ्या नावापाशी थांबले. एवढ्या नावांत मराठी आडनाव तेवढं एकच होतं.

"किती वर्सं झाले?"

"चार."

"छत कोन पाहाते तुयं?"

"मीच पाहते, बाबा. आधी मी, मग बाकीचे."

ते रेजांकडे वळून हिंदीत म्हणाले की मी पण खाणीतला, ड्रेसर, एकतीस साल. मी सांगितलं, माझे वडील स्केलर होते. रेजांने हातमोजा काढून त्यांचा हात हातात घेतला आणि त्या फ्रिजएवढ्या दगडाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. माझंच कौतुक मलाच मराठीत करून सांगावं लागलं. मी दोन वाक्यं गाळली, तर बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती मागून घेतली. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "याले सांग, आमच्याकडे बिल्ला खिशात घालून घरी जाणाऱ्याले तीन दिवस खाली सोडत नव्हते."

मी तेही सांगितलं. रेजां म्हणाला, चांगली पद्धत आहे, आणि मला तीन दिवस वर ऑफिसात बसवलं. अशा रीतीने मी बाबांना सांगितलेलं काम आयुष्यात पहिल्यांदा पूर्णवेळ केलं.

आम्ही पार्किंगमध्ये आलो तेव्हा खाली सुरुंग उडाला. वर आवाज येत नाही, फक्त पायाखाली जमीन किंचित हलते. बाबा थांबले. तो धक्का पुरता संपेपर्यंत ते हलले नाहीत.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "चार वर्सं मी निवांत झोपलो, तुह्या खोट्यानं. आता नाही येणार झोप." मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि समोर बघतच पुढे म्हणाले, "तरीबी जाजो तू. आलं तुले काम."

राहिलेले दीड महिने त्यांनी मला सोडलं नाही. बोल्ट किती लांब, जाळी कशाची, स्टोप रिकामा झाला की त्यात काय भरतात. सिमेंट मिसळलेला दगडाचा चुराच परत भरतात हे ऐकून ते खूश झाले. आमच्याकडे वाळू भरत, म्हणाले. रेजांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा दोघांनी चमच्यांनी टेबल ठोकून एकमेकांना काय समजावलं ते त्यांनाच माहीत. आईने आणि रेजांच्या बायकोने तोवर अख्खा ॲपल पाय संपवला.

आता दोघं परत कॉलनीत आहेत. मी इथे आहे, विंटर टायर बदलते, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करते, आणि परत जाणार का या तुमच्या प्रश्नाला सध्या तरी नाही असंच उत्तर आहे. माझं काम इथे आहे आणि ते मला आवडतं. तरी घर कुठे विचाराल तर बराच काळ मला नीट सांगता आलं नसतं. चार वर्षं मी ज्या घरी फोन करत होते तिथे माझ्या नावाची एक दुसरीच मुलगी राहायची, हीटरजवळ बसणारी. तिला निरोप दिला तेव्हाच मला ते घर पुन्हा मिळालं.

मागच्या महिन्यात आईने फोनवर सांगितलं की बाबांच्या खाणीत आता दिवसपाळीला बाया खाली जातात. शेजारच्या काकूंच्या धाकटीचं नाव त्या यादीत आलं आहे. काकू रडत आमच्या दारात आल्या, भाऊजी, तुम्हीच तिला समजवा, तुमचं ती ऐकेल. बाबांनी पोरीला आत बोलावलं, ओट्यावरच्या माठापाशी उभं केलं आणि चमचा हातात दिला. काकूंनी विचारलं, अहो, हे काय करता? तर बाबा म्हणाले, "मायी पोरगी जाते खाली. हिले बी जाऊ द्या. फक्त कान तयार झाला असं मी म्हणेपर्यंत नोका पाठवू."