आरती चालू असताना

आईच्या नाकातून नळी घालायचीय, सही करायला या, असा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. आईला विसरायचा आजार. चिकलठाण्याकडच्या एका वृद्धांच्या देखभाल केंद्रात तिला ठेवून तीन महिने झाले होते. भरवायला गेलं की हात झिडकारते, वजन उतरलं, पाय सुजले. केंद्राच्या वहीत रोज एकच शेरा: 'हट्टी. जेवणास नकार.'

हट्टी म्हणे! लासूर स्टेशनच्या घरी सात माणसांचा स्वयंपाक करून शेवटी उरलंसुरलं खाणारी बाई ती. भरल्या ताटाला तिनं कधी नाय म्हटलेलं मी तरी पाहिलं नाही.

भेटायची वेळ त्यांनी चार ते पाच ठेवलेली, तीही फाटकाजवळच्या खोलीत. त्यामुळं तिचं तिथलं जेवण मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मुद्दाम बाराला गेले. वॉचमन अडवायला लागला. म्हटलं, "सही पाहिजे ना माझी? मग सरका बाजूला."

जेवणाच्या हॉलमध्ये पाय ठेवला आणि कानठळ्या बसल्या. भिंतीवर टीव्ही, आत मिक्सर, स्टीलच्या ताटांची आदळआपट, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे छताजवळचा स्पीकर. त्यावर आरत्या. गणपतीची संपली की देवीची, देवीची संपली की शंकराची, मग परत गणपतीची. दिवसभर तेच.

आणि माझी आई ताटासमोर उभी होती. हात जोडून, डोळे मिटून. एक बाई तिचे खांदे दाबत कानाशी ओरडत होती, "आजी, बसा ना हो! जेवा!" आई बसायची, परत उठायची. तोंडाशी आणलेला घास लोटून द्यायची.

मला लहानपणीचा धपाटा आठवला. आरती चालू असताना मी पेढा तोंडात टाकला होता, तेव्हाचा. आरती चालू असताना बसायचं नाय, खायचं तर नायच नाय. पोटच्या पोरांची नावं विसरलेल्या बाईला एवढं मात्र पक्कं आठवत होतं.

"बंद करा ते!" मी ओरडले.

मॅनेजर धावत आले. "ताई, देवाचं नाव आहे. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं. नातेवाईकही खूश होतात."

"म्हणून देवाच्या नावानं माझ्या आईला उपाशी मारताय व्हय?"

तीन महिने तिला बळंच खाली बसवलं, पण ही बाई उभी का राहते, असं एकाच्याही मनात आलं नाही. आणि माझ्या तरी? पहिल्या दिवशी तोच स्पीकर ऐकून मी म्हटलं होतं, "बरं झालं, आईला करमेल." त्याचा संताप अजून जात नाही.

खुर्चीवर चढून मी वायरच उपटली. टीव्हीही बंद केला.

आईनं डोळे उघडले. स्वतःभोवती गोल फिरली, जोडलेले हात कपाळाला लावले आणि मटकन बसली. मी कोण हे तिला कळलं नाही. पण भाकरी मोडता मोडता माझ्याकडं बघून कुरकुरली, "लई लांबवली गं बाई आरती आज. पाय मोडले माझे."