कांताताईंचं टेबल

नागपूरच्या जिल्हा परिषदेत कांताताईंनी एकोणीस वर्षं सभांची कागदपत्रं सांभाळली. अध्यक्ष बदलले, पंखे बदलले, कांताताई मात्र त्याच खुर्चीत. मग त्यांच्या नवऱ्याला, देवानंदला, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला नोकरी मिळाली आणि या बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकायला बसल्या. हौस दांडगी, पण चारचौघांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. ऑलिंपियाच्या अभ्याससहलीत तोंडघशी पडले तर कॉलेज सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. देवानंदलाही सांगितलं नव्हतं.

ऑलिंपिया ही राज्याची राजधानी. तिथल्या विधानभवनात विद्यार्थ्यांची लुटुपुटूची समिती बसली. कांताताई आणि त्यांच्या वर्गातली एकोणीस वर्षांची हिमानी यांचं विधेयक होतं, प्रत्येक बसथांब्याला छप्पर. आठ महिने पाऊस झेलणाऱ्या मुलखात याला नाही कोण म्हणणार? नाव पुकारलं तशा कांताताई उठल्या. ‘विधेयक पटलावर ठेवण्यात येत आहे’ हे वाक्य त्यांनी जन्मभर लिहिलेलं. तेच इंग्रजी करून त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “आय मूव्ह टू टेबल धिस बिल.”

मुलं जरा गोंधळली, पण हात वर झाले. अध्यक्ष झालेल्या मुलीने हातोडा आपटून पुढचा विषय घेतला.

“काकू, हे काय केलंत?” हिमानी कुजबुजली. “इकडे टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं. वुई आर डन.”

कांताताईंना आता उलगडा झाला. आपल्याकडे टेबलावर आलं की काम सुरू, इथे टेबलावर गेलं की संपलं. झालं, आता कॉलेज बंद. पण सवयीने हात नियमांच्या पुस्तिकेकडे गेला. एकोणीस वर्षांत त्या एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या: सभेत चुका करणाऱ्यांना तोटा नसतो, म्हणून चूक निस्तरायचा नियमही कुठेतरी असतोच. तो बाराव्या पानावर सापडला.

त्या पुन्हा उठल्या. “आय मूव्ह टू टेक द बिल फ्रॉम द टेबल.”

हिमानीने घाईघाईने अनुमोदन दिलं. पुन्हा हात वर झाले, विधेयक परत आलं आणि अर्ध्या तासात मंजूरही झालं. कांताताईंना इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

परतीच्या बसमध्ये हिमानीने विचारलं, “काकू, नेक्स्ट क्वार्टरला कुठला क्लास घेताय? मी पण तोच घेते.”

कांताताई खिडकीबाहेर बघून हसल्या. कॉलेज सोडायचा ठराव त्यांनी टेबल केला. अमेरिकन पद्धतीने.